थांब म्हणणारी तार

१० फेब्रुवारी
आले एकदाची डिचोलीला! विशालदादाच्या खोलीवर माझी ट्रंक ठेवायला जागा करताना दादाचा जीव अर्धा झाला. माझ्या स्वागताला त्याने बेकरीतले गरम उंडे पाव आणि पातळभाजी आणली होती, त्यातली निम्मी मी पोचायच्या आधी त्यानेच संपवली होती.

लाटंबार्शाच्या वाटेवर जुन्या खाणीच्या मातीचं यार्ड आहे. दादा तिथे ट्रक चालवतो. त्यानेच शब्द टाकला आणि मला वजनकाट्यावर ऑपरेटरची नोकरी मिळाली. आई पेडण्याहून निघताना म्हणाली, पायाला भिंगरी असलेली पोर एका खुर्चीत बसणार, बघूच किती दिवस. बघच म्हणावं.

१३ फेब्रुवारी
काम सोपं आहे. रिकामा ट्रक काट्याच्या प्लेटवर येतो, ड्रायव्हर खाली उतरतो, आकडा कॉम्प्युटरवर येतो आणि प्रिंटर किरकिरत स्लिप काढतो. त्यावर ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, वजन आणि शेवटी ऑपरेटरचं नाव. मग ड्रायव्हर चढतो आणि खाणीकडे जातो. भरून आला की पुन्हा तेच. ‘सेजल’ असं माझं नाव छापलेलं बघून पहिल्या दिवशी उगाच छान वाटलं.

मला शिकवणारे कृष्णनाथबाब आता निवृत्त होणार आहेत. प्रिंटर त्यांच्यासारखाच जुना, टाचण्या आपटून अक्षर उठवणारा. त्याला कॉम्प्युटरकडून रुंद पॅरलल केबल येते. रुंद बांधावर आठ बायका डोक्यावर पाट्या घेऊन शेजारी शेजारी हातात हात घालून चालाव्यात तशी त्या केबलच्या आठ तारांवरून एका अक्षराचे आठ तुकडे एकदम जातात. आणखी एक तार उलट येते. त्या तारेवरून प्रिंटर ‘थांब’ म्हणतो, आणि तो थांब म्हणेल तोवर कॉम्प्युटर एक अक्षर पुढे सोडत नाही. डिप्लोमाला हे पाठ केलं होतं, प्रत्यक्ष आज पाहिलं.

दत्तप्रसाद नावाच्या ड्रायव्हरचा रिकामा ट्रक प्लेटवर होता. तो खाली उतरला होता, तरी आकडा एका माणसाएवढा जास्त दाखवत होता. प्रिंटर अर्ध्यातच थांबला, त्याचा ‘थांब’चा दिवा लागला. मी केबल हलवायला उठले तर कृष्णनाथबाबांनी हातानेच बस म्हटलं. दत्तप्रसादने प्लेटच्या कडेला एक विडी ठेवली आणि बाजूला उभा राहिला. मागच्या ट्रकांनी इंजिनं बंद केली. एकानेही हॉर्न मारला नाही. मी मात्र खुर्चीत चुळबुळत होते. बऱ्याच वेळाने आकडा आपोआप उतरला आणि प्रिंटर पुढे चालू लागला. विचारलं तर कृष्णनाथबाब म्हणाले, जुना झालाय, दम घेतो.

२१ फेब्रुवारी
कृष्णनाथबाबांचा आज शेवटचा दिवस. जाताना एवढंच सांगितलं, तो थांबला की तूही थांब. मी मान डोलावली. थांबणं मला कधी जमलेलं नाही, पण जाणाऱ्या माणसाला हो म्हणायला काय जातं.

२५ फेब्रुवारी
जुना कॉम्प्युटर गेला. सुपरवायझर निहारने नवा पाठवला, त्याला रुंद केबलची जागाच नाही, फक्त छोटा सीरियल पोर्ट. प्रिंटरला दोन्ही आहेत. सीरियलमध्ये अक्षराचे तुकडे एकाच तारेवरून एकामागून एक जातात, म्हणजे त्याच बायका आता अरुंद बांधावर. मीच केबल बनवली. ‘थांब’ची तार जोडायची तर सोल्डरचे आणखी डाग द्यावे लागले असते आणि बाहेर ट्रकांची रांग लागली होती. मी ती सोडून दिली आणि कॉम्प्युटरच्या टोकाला दोन पिना एकमेकींना जोडल्या. आता तो ‘तयार आहेस का?’ विचारतो आणि त्याचाच प्रश्न ‘हो’ होऊन परत येतो. आपणच विचारायचं, आपणच हो म्हणायचं.

दुपारच्या आत रांग संपली. निहारने शाबासकी दिली. ड्रायव्हर मात्र स्लिप घेताना नव्या केबलकडे बघत होते.

२८ फेब्रुवारी
दत्तप्रसादचा ट्रक. आकडा पुन्हा माणसाएवढा जास्त. प्रिंटरचा दिवा लागला, पण त्याचं ऐकतंय कोण. स्लिप आली, तिच्यावर ड्रायव्हरचं नाव नव्हतं.

कारण मला कळतं. प्रिंटर तयार नसताना पाठवलेली अक्षरं गळतात. पण गळती कुठूनही व्हावी. नाव तेवढं, पूर्ण, आणि बाकी एक टिंबसुद्धा नाही? मी पेनाने नाव लिहून दिलं. दत्तप्रसाद विडी शोधत खिसे चाचपत होता. मागून हॉर्न वाजले तसा चढला आणि गेला.

१ मार्च
दत्तप्रसादचा ट्रक काल खाणीच्या पाण्यात गेला. भर दुपारी, सरळ रस्त्यावर. मागचा ड्रायव्हर सांगतो की केबिनमध्ये दोघं होते. आज ट्रक वर काढला. दत्तप्रसाद एकटाच सापडला, क्लीनरच्या सीटवर.

मग ट्रक कोण चालवत होतं?

२ मार्च
यार्ड बंद. मी मयेला कृष्णनाथबाबांच्या घरी गेले. केबलचं सगळं सांगितलं. रागावले नाहीत. पिना कोणाच्या हाताने जोडल्या, एवढंच विचारलं. माझ्या, म्हटलं.

मग बोलले. खाणी जोरात होत्या तेव्हा एक ड्रायव्हर याच प्लेटवर, सीटवर बसल्या बसल्या गेला. मागे हॉर्न चालूच होते. स्लिप निघाली होती, म्हणून लोडरने ट्रक पुढे ढकलला आणि वजनं सुरूच ठेवली. त्याला मातीबरोबर मोजला. तेव्हापासून तो अधूनमधून सीटवर येऊन बसतो आणि कोणीतरी आपल्यासाठी थांबायची वाट बघतो. प्रिंटरला ते कळतं.

“तो उतरल्याबगर दुसऱ्याक चडूंक दिवप न्हय गो बाय,” ते म्हणाले.

मला भीती वाटतेय. दत्तप्रसादला मी चढू दिलं.

३ मार्च
सकाळी तार आणि सोल्डर घ्यायला बाजारात गेले. दादाला बजावलं होतं की मी येईपर्यंत ट्रक काढू नकोस. पोचले तर निहारने यार्ड उघडून स्वतःच वजनं सुरू केली होती. निहारनेच बोलावलं म्हणून दादा गेला. टेबलावर पहिली स्लिप पडलेली. दादाच्या ट्रकचा नंबर. नावाची जागा कोरी.

दादाचा फोन लागत नाही.

‘थांब’ची तार जोडली. डाग पक्का बसलाय. दोन वेळा तपासला.

दादा परत आलाय. भरलेला ट्रक प्लेटवर. दादा स्वतः उतरला— देवा, उतरला. दिवा लागला. प्रिंटर थांबला. मी धावत जाऊन ट्रकची चावी काढून घेतली, प्लेटच्या कडेला विडी ठेवली, दादाला समोर तारामावशीच्या चहाच्या गाड्यावर बसवलं. मी सांगेपर्यंत उठायचं नाही म्हटलं. माझा चेहरा बघून बसला.

मागे हॉर्न. निहार ओरडतोय, मग फोनवर बोलत गेटकडे गेला. ओरडू दे. चावी माझ्या मुठीत आहे. मी थांबणार. लिहीत बसले तरच बसवतंय, म्हणून लिहितेय—

आकडा उतरला. एका माणसाएवढा. उतरला तो. दादा सुटला.

आता प्रिंटर चालायला हवा.

दिवा अजून लागलेलाच. प्लेटवर नुसता ट्रक आहे. मग थांब कोणाला—

हॉर्न बंद झाले. सगळे एकदम.

दाराशी दादाचा आवाज. “सेजल, भायर यो गो.” खिडकीतून दादा दिसतोय. गाड्यावर, पाठमोरा, हातात ग्लास.

दार उघडलं नाही मी. तरी कृष्णनाथबाबांची रिकामी खुर्ची आत्ता करकरली, कोणी बसल्यावर करकरते तशी—

पिना कोणाच्या हाताने जोडल्या, का विचारलं त्यांनी—

हलत नाहीये मी. थांबलेय. बघा, थांबलेय—

प्रिंटर चालू झाला. मी काहीच पाठवलं नाही. ट्रकचा नंबर, दादाचं नाव, पूर्ण आलं. वजन. तार नीट आहे, आता अक्षर गळायला कारणच नाही, तरी खाली

ऑपरेटर :