सोन्याखालचं क्रोमियम

६ फेब्रुवारी
किती महिने झाले, एक ओळ नाही. माफ कर. बरं चाललेलं असलं की मी इकडे फिरकत नाही. आज बसले यातच काय ते आलं.

विभागाच्या बैठकीत नव्या सहकारी बाईंनी आपल्या काचा दाखवल्या. निर्वात भांड्यात सोन्याची वाफ करून काचेवर बसवलेला थर, जाडी आठ नॅनोमीटर. माझाही तेवढाच. उजेडासमोर धरलं तर माझी काच हिरवट, त्यांची निळी. जाडी पुन्हा पुन्हा तपासलीय, म्हणाल्या. मी म्हणाले, "सोन्याला नीळ घातलीत की काय?" सगळे हसले. विभागप्रमुख साहेबही. त्याही, जरा उशिरा. मग कुणी विचारलं नसताना ‘यांचं मोजमाप चुकलंय’ असंही ठोकून दिलं. त्यांच्या नोकरीची मुदतवाढ याच कामावर ठरणार — हे माहीत असून!

९ फेब्रुवारी
आता सगळे त्यांना नीळवाली म्हणतात. माझीच देणगी.

१३ फेब्रुवारी
क्रोमियम संपलं. सोनं काचेला धरत नाही, बोट फिरवलं तरी निघतं, म्हणून मी आधी क्रोमियमचा पुसट हात देते. पावडरीआधी क्रीम लावावं तसा. इतकी सवय, की ते कुणाला सांगायचं असतं हेही डोक्यात येत नाही. आज नुसत्या काचेवरच सोनं बसवलं. जाडी तीच. बाहेर काढलं — निळं!

बसूनच राहिले. नुसत्या काचेवर इतकं पातळ सोनं पसरत नाही, त्याची बेटं होतात, आणि उजेड त्या बेटांशी वेगळाच वागतो. खाली क्रोमियम असलं की थर सलग बसतो, हिरवट दिसतो. हे मी शिकवते! वर्गात, फळ्यावर!

१४ फेब्रुवारी
सांगितलं नाही. बाई जिन्यात भेटल्या, मी फोन कानाला लावला. बंद फोन.

नवरा म्हणाला, "अगं, मग जाऊन सांग ना. जेवणावर कसला राग काढतेस?" लाज चूक केल्याची वाटतेय, की ती उघडी पडेल याची? खरं लिहायचं तर, आज तरी दुसरीच.

१७ फेब्रुवारी
साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं बोललात, बाईंना सांभाळून घेऊ, उगाच गाजावाजा नको. मला हायसं वाटलं. चक्क भूकही लागली.

१८ फेब्रुवारी
त्या आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या. मुदतवाढ देताना साहेबांनी ‘या वेळी सांभाळून घेतो’ म्हटलं, आणि बाईंनी ती नाकारली. मेहेरबानी नको म्हणाल्या. आवाज चढला नाही.

"क्रोमियमचं मला त्याच बैठकीत कळलं होतं, मॅडम. तुमच्या काचेच्या कडेला सोन्याखालून डोकावणारी करडी रेघ होती. तुम्ही स्वतः सांगाल म्हणून थांबले. हसवलंत चारचौघांत, आणि कबुली बंद दाराआड?"

उद्याचं पहिलं काम — सगळ्यांना बैठकीला बोलावणे.