जांभ्याची धनगरीण

गुरुजी, सड्यावरच्या, त्या उंच कातळमाळावरच्या वाटेबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली. मी साठ साली तुमच्या शाळेत लागले तेव्हा शेवटच्या रांगेत धनगरवाड्यावरची चार मुलं बसायची. दिवाळीनंतर एकच उरलं. त्यांच्या अंगाला म्हशींचा वास येतो म्हणून गावातली मुलं नाक धरायची, आणि मी नाक धरणाऱ्यांना छड्या मारायचे. तुम्ही मला व्हरांड्यात बोलावलंत. "बाई, छडीने नाकावरचा हात खाली येईल. पुढे काय?" पुढे काय, हे तुम्हालाही तेव्हा ठाऊक नसावं.

मग एका रविवारी तुम्ही छिन्नी-हातोडा घेऊन सडा चढलात. शाळेपासून धनगरवाड्यापर्यंतची पायवाट करवंदीच्या जाळ्यांतून जायची, कडेला जांभ्याचे मोठे खडक होते. त्यांत तुम्ही धनगरांचं जगणं कोरायला घेतलंत: कांबळं पांघरून नाचणारा गडी, बसलेली म्हैस, ताक घुसळणारी बाई. गावातल्या मुलांनी ही वाट चालावी, एवढंच तुमच्या मनात होतं. जांभ्याला भोकं फार, नाक-डोळे रेखीव येत नाहीत. तुम्ही म्हणायचात, चेहरा राहू दे, पाठीचा बाक साधला पाहिजे.

ती बाई पुरी झाली त्या दिवशी मी तिथे आहे. वाड्यावरची सगळ्यांत म्हातारी धनगरीण काठी टेकत येते, दगडाभोवती एक फेरी मारते.

"ह्यां कोण?"

"तुमचीच बाई, ताक घुसळतेय," तुम्ही शाळेतल्या मराठीत सांगता.

"आमची न्हय. आमी बसान नाय घुसळणव, उभी ऱ्हवान घुसळतव. गुरुजी, आमका इचारलास?"

मला तिचा राग आला होता. दोन महिन्यांचे रविवार गेले होते तुमचे. तुम्ही मात्र छिन्नी खाली ठेवलीत आणि मालवणीत म्हणालात, "चुकलां माझां. आये, माका दाखव." त्यानंतर प्रत्येक रविवार, शिमग्याची, मे महिन्याची, मिळेल ती सुट्टी तुम्ही तिच्या अंगणात काढलीत. ती रवीची दोरी ओढायची, तुम्ही पाठीची रेघ कागदावर घ्यायचात. शेजारच्या खडकात दुसरी बाई उभी राहिली, दोन्ही हात दोरीवर. ती बघायला गावातली मुलं वर चढली आणि म्हातारीने त्यांना ताक पाजलं. जूनमध्ये वाड्यावरची दोन मुलं पुन्हा शाळेत आली. गेलेली तिन्ही नाही, दोनच.

गावात काहींना ते खुपलं. शाळा समितीच्या बैठकीत एकाने विचारलं, गुरुजी शाळेच्या वेळात दगड फोडतात हे खरं का? मग सगळे माझ्याकडे वळले, कारण तुमच्याबरोबर वर जाणारी मीच होते. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती. मी म्हटलं, "मला नक्की सांगता येणार नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. महिन्याभरात तुमची बदली इन्सुलीकडे झाली.

तो पावसाळा सरल्यावर तुमचं कार्ड आलं. बैठकीबद्दल एक अक्षर नव्हतं. एवढंच होतं की त्या उभ्या बाईच्या उजव्या हाताखालचा दगड पोकळ वाटला होता, पावसात टिकला का ते पाहून कळवा. मोडला असेल तर येऊन सांधून देईन. मी लगेच उत्तर लिहिलं. टिकला आहे, काळजी नसावी. गुरुजी, मी पाहायला गेलेच नव्हते. बदलीनंतर त्या वाटेवर पाऊल टाकायचं माझं धैर्य होत नव्हतं.

त्या वाटेने गेले ते तुम्ही वारल्याचं कळल्यावर. म्हातारीही तोवर गेली होती. दगडातल्या उभ्या बाईला उजवा हात नव्हता. तुटलेला तुकडा कोणीतरी तिच्या पायाशी नीट ठेवला होता, त्यावर शेवाळ चढलं होतं. म्हातारीची सून गवताचा भारा घेऊन येत होती, ती थांबली.

"पयल्याच पावसात हात मोडलो. सासू म्हणा होती, गुरुजी येतले, ते सांधतले, कोणी हात लाव नकात. आमी खूप वाट बगलंव. कित्याक नाय इले ते?"

मी तिला खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "गुरुजी आजारी होते."