दोरीवरचा अंक

ता. ६ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माणसं फक्त पोचल्याचं सांगतात, काय झालं ते पत्रातच लिहितात, असं तुमचं म्हणणं. तेव्हा लिहिते. पोचले तर मी सहा महिन्यांपूर्वीच आहे, त्याच इमारतीत, त्याच संगीत मासिकात, जिथे दादामामांनी उभा जन्म पानांची मांडणी केली. गॅलरीतले दोरीचे दोन आकडे अजून भिंतीत आहेत. एकावर आताचे मालक छत्री अडकवतात, दुसऱ्यावर काही नाही.

तर काय झालं ते. स्टॉलवरून गठ्ठेच्या गठ्ठे परत येताहेत. मालकांनी एप्रिलपर्यंत मुदत दिली आहे. तोवर खप सुधारला नाही तर छापणं बंद, पुढे जे काय ते पडद्यावर. फेब्रुवारीचा अंक पूर्ण माझा होता. फिकट राखाडी पार्श्वभूमी, बारीक अक्षरं, कोपऱ्यात पियानोच्या चार पट्ट्या. आमच्या कॉलेजात पहिला नंबर आला असता. स्टॉलवाल्या बाईंनी तो विणकामाच्या मासिकामागे ठेवला, आणि काही गठ्ठे तर सुतळीसुद्धा न सुटता परत आले.

दादामामा रस्त्यावरच्या माणसाला थांबवायचे कसे, ते त्यांना विचाराल? मला धीर होत नाही. मी ह्या धंद्यात आल्यापासून माझ्या कामाबद्दल ते एक शब्द बोललेले नाहीत. सोबत अंक पाठवते आहे. त्यांना दाखवा आणि ते जे म्हणतील ते जसंच्या तसं कळवा. तुमचे अलंकार नकोत.

मामींना नमस्कार. माझ्यावर लोभ आहे तो ह्या अंकाचा खप बघून ठरवू नका.

तुमची,
चिमटी


ता. १४ फेब्रुवारी

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

अंक पोचला. चहाच्या वेळी दादापुढे ठेवला आणि तुझा आहे असं सांगितलं. त्याने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, पानं नाकाशी नेली, म्हणाला की कागद चांगला आहे, आणि अंक रेडिओवर पालथा ठेवून दिला. जसंच्या तसं लिहिलं आहे. एवढ्याशा वाक्यावर अलंकार चढवायचे म्हटले तरी जागा कुठे आहे? रुसलेला आहे, दुसरं काय. संगणक आला त्या वर्षी घरी बसला, तेव्हापासून मासिक उघडून बघत नाही. वर्षभरात तर पेपरही वाचायचा सोडला आहे. विचारलं तर म्हणतो, बातम्या त्याच असतात.

तेव्हा त्याच्याऐवजी मीच सांगतो. मी दिवसा शाळेत संस्कृत शिकवायचो आणि संध्याकाळी तिथे मुद्रितं तपासायचो, म्हणजे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आहे. मुखपृष्ठाचे तीन-चार नमुने झाले की दादा ते गॅलरीतल्या दोरीवर लावायचा, आणि प्रत्येकावर दुसऱ्या मासिकांचे जुने अंक असे चढवायचा की आपल्या अंकाची डावी पट्टी तेवढी दिसावी. स्टॉलवर तेवढीच दिसते, बाकीचं मुखपृष्ठ आपण आपल्या समाधानासाठी करतो, असं तो म्हणे. मग खाली उतरून, रस्ता ओलांडून, औषधाच्या दुकानापाशी उभा राहून वर बघायचा. तो बघतो म्हणून येणारे-जाणारेही वर बघायचे. ज्या पट्टीवर नजर अडकायची, तो नमुना छापायला. सुट्टीत तू आमच्याकडे आलीस की फ्रॉकच्या खिशात कपड्यांचे चिमटे भरून त्याच्यामागे फिरायचीस. तुझं बारशाचं नाव त्या वर्षी मागे पडलं ते अजून पुढे आलेलं नाही.

आतल्या पानांचंही तसंच. ज्या वादनावर लेख असेल त्याची तबकडी आधी ऐकायचा, मग पट्टी हातात घ्यायचा. संथ काही असलं की समास ऐसपैस, बँड असला की मथळा कागदाच्या काठापर्यंत. वृत्तात यती, म्हणजे थांबायची जागा, असते ना, तशी त्याच्या पानात कोरी जागा असायची, आणि ती बहुतेक माझ्याच ओळी कापून काढलेली असायची. एकदा माझ्या लेखातल्या चार विद्वत्तापूर्ण ओळी गेल्या. मी भांडलो. तो शांतपणे म्हणाला की त्या ठेवल्या तर पान कोणी वाचणार नाही, काढल्या तर उरलेलं निदान एखादा वाचेल. मी अजून रागावलेलो आहे, पण पान वाचलं गेलं.

आणि ती व्हायोलिनवाली बाई. तुला आठवणार नाही. वाद्यवृंदात नवीनच आलेली, तिचा फोटो उजव्या पानावर आला आणि ती बघत होती पानाबाहेर. छापलेल्या माणसाने मजकुराकडे पाठ फिरवू नये हा दादाचा कायदा. त्याने फोटो उलटा करून छापला. बाई मजकुराकडे बघायला लागली आणि एका महिन्यात डावरी झाली. मी ते पान दोनदा तपासलं होतं. फोटोखालच्या ओळीतला सुटलेला अनुस्वार मला सापडला, बाईने हात बदललेला नाही सापडला.

वाचकांची पत्रं आली आणि पाठोपाठ बाई स्वतः आली. तिच्या आईने विचारलं होतं म्हणे, की हात कधी बदललास आणि घरी का नाही कळवलंस. दादाने तिच्यापुढे दोन्ही फोटो ठेवले. तिने बराच वेळ बघितलं आणि कबूल केलं की खऱ्या फोटोत आपण बाहेर जायचं दार शोधतो आहोत असं वाटतं, खोट्यात निदान लेख ऐकतो आहोत. मग दादाने, वास्तविक माफी मागायची वेळ असताना, तिलाच विचारलं की वाजवताना उजवा कोपर इतका वर का. ती म्हणाली, गुरुजींनी त्यावर हात टेकले आहेत, तुम्हीही टेका. पुढच्या महिन्यात फोटो सरळ करून डाव्या पानावर छापला. दोन्ही अंक शेजारी ठेवून बघायला लोकांनी दोन्ही विकत घेतले. अशा चुका आता होत नाहीत. सगळं फार बरोबर असतं.

प्रकृतीला जप. आमचा लोभ जुन्या छपाईचा आहे, पुसट होत नाही.

तुझा,
मामा


ता. ९ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. कागद चांगला आहे हे वाक्य आधी लागलं, मग हसू आलं, मग पुन्हा लागलं. कागद मालकांनी निवडला होता, मामा. म्हणजे अंकात जेवढं माझं नव्हतं तेवढंच त्यांना आवडलं.

मार्चचा अंक मालकांनी स्वतः केला. पिवळाजर्द, त्यावर डझनभर मथळे. तोही परत येतो आहे. तुमचं पत्र खिशात घालून मी स्टॉलच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. माझ्या अंकाची डावी पट्टी म्हणजे राखाडी रंगाचा रिकामा फडका होता. मालकांच्या पट्टीत बारा मथळ्यांची बारा अर्धी टोकं, फाटलेल्या तिकिटांसारखी. एका माणसाने विणकामाचं मासिक घेतलं. त्या मासिकाच्या पट्टीत नुसता लाल लोकरीचा गुंडा होता आणि धागा आत गेलेला. तो कुठवर जातो ते बघायला त्याने अंक ओढला असावा, कारण विणणारा वाटत नव्हता.

आता गंमत. एप्रिलचा लेख वाद्यवृंदातून निवृत्त होणाऱ्या व्हायोलिनवादक बाईंवर आहे. मी फोटो बघितला, तुमचं पत्र काढलं, पुन्हा फोटो बघितला. त्याच आहेत. केस पांढरे, कोपर तिथेच.

तीन नमुने गुंडाळी करून पाठवते आहे. एक मालकांच्या आवडीचा, मथळ्यांनी भरलेला. एक माझ्या आवडीचा, पांढऱ्या पानात मध्यभागी छोट्याशा बाई. तिसऱ्यात मी बाईंना उजवीकडे सरकवलं आहे, म्हणजे डाव्या पट्टीत फक्त कोपर, मनगट आणि गज येतो. कोण वाजवतंय ते अंक ओढल्याशिवाय कळत नाही.

मामींच्या वाळत घालायच्या दोरीवर लावाल? आणि दादामामांना समोर उभं कराल? कोणी केलंय, कोणाचा फोटो आहे, काही सांगू नका. पुन्हा नुसता कागदच आवडला तर तेही कळवा. मालकांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, आणि हा शेवटचा अंक असेल तर तो तरी दादामामांच्या नजरेखालून गेलेला असावा असं वाटतं.

मामींना नमस्कार आणि दोरीबद्दल आगाऊ माफी. लोभ तसाच राहू द्या.

तुमची,
चिमटी


ता. १३ मार्च

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारच्या आत पोचावं म्हणून लगोलग लिहितो आहे.

गॅलरीत तिन्ही नमुने लावले. स्टॉलवरच्या इतर मासिकांच्या भूमिकेत तुझ्या मामीचे टॉवेल होते. तिचं म्हणणं पडलं की तीस वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदा कपडे वाळत घातले आणि तेही कोरडे. दादाला समोरच्या कुलुपवाल्याच्या बाकावर नेऊन बसवलं आणि दोरीकडे बघ म्हणालो.

त्याने सरळ बघितलंच नाही. कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी केली. मला वाटलं, हाही रुसव्याचाच एक प्रकार. पहिल्या नमुन्यावर म्हणाला की ठिपक्यांचा टॉवेल कोणाचा, आपल्याकडे असला नव्हता. दुसऱ्यावर म्हणाला की तिथे दोरी रिकामी आहे, तिथेही काहीतरी लाव. तुझा आवडता तो, वाईट वाटून घेऊ नकोस.

तिसऱ्यापाशी पुढे सरकून बसला. मान ह्या बाजूला केली, त्या बाजूला केली. कुलुपवाल्याने कानस खाली ठेवली आणि तोही वर बघायला लागला. मग दादा म्हणाला, त्या बाईचा कोपर अजून वरच आहे. आणि थोड्या वेळाने मला विचारलं की ह्या वेळी हात बरोबर आहे ना.

उठला आणि थेट रस्ता ओलांडून निघाला. एका स्कूटरवाल्याने त्याला जे सुनावलं ते माझ्या संस्कृतात बसत नाही. वर येऊन त्याने स्वतः टॉवेल बाजूला केला, नमुना हातात धरला, आणि तेव्हा मला सांगितलं. वर्ष होत आलं, ज्याच्याकडे सरळ बघावं त्याच्या मधोमध धुरकट डाग दिसतो. कडा दिसतात, मधलं दिसत नाही. डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला होता. हे सुधारायचं नाही, पण कडा राहतील, असं त्यांनी सांगितलं आहे. आम्हाला का नाही सांगितलंस म्हणून मी चिडलो, तर म्हणतो, तुझ्या नाकाच्या जागी डाग दिसतो, काही विशेष नुकसान नाही.

म्हणजे चिमटे, फेब्रुवारीत तो रुसलेला नव्हता. राखाडीवरची तुझी बारीक अक्षरं त्याला दिसलीच नाहीत. हाताला जे लागलं त्याचं त्याने कौतुक केलं. तू केलंस म्हणून काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, आणि खोटं बोलायचं नव्हतं.

नमुना कोणी केला ते मग मी सांगितलं. तो खुर्चीत बसला. म्हणाला, चकचकीत कागद नको म्हणावं, उजेड उडतो, खरखरीत घे. मासिकाचं नाव गजावर बसलं आहे, ते वर घे. एवढंच. स्तुती ह्याहून जास्त त्याने आयुष्यात कोणाची केलेली मला आठवत नाही. माझ्या तर ओळीच कापल्या.

मालकांपुढे ताठ उभी राहा. लोभाची काळजी तू करू नकोस, ते खातं आमच्याकडे.

तुझा,
मामा


ता. १० एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यांचं वाचून मी पत्राची घडी घातली, ठेवलं आणि पुन्हा उघडलं. मग ऑफिसच्या गॅलरीतल्या आकड्यांना दोरी बांधली आणि नमुने लावले. मालकांची छत्री त्यांच्या हातात दिली आणि त्यांना समोरच्या फुटपाथवर उभं केलं. औषधाचं दुकान आता चष्म्यांचं झालं आहे. पाच मिनिटं ते मान वर करून उभे होते. वर आल्यावर त्यांनी तिसरा नमुना घेतला आणि आपल्या मथळ्यांच्या यादीतला एकेक मथळा स्वतःच्याच हाताने खोडला. एक राहिला, तो तळाशी ठेवला. कागद खरखरीत घेतला, नाव वर नेलं.

काल स्टॉलसमोर उभी होते. पिशवी घेतलेले एक गृहस्थ पुढे गेले, थांबले, मागे आले, आणि बोटाने गज धरून अंक बाहेर ओढला. पूर्ण चेहरा दिसल्यावर हसले आणि पिशवीत टाकला. स्टॉलवाल्या बाईंनी विणकाम मागे सारून आपल्याला पुढे घेतलं आहे आणि आणखी अंक मागवले आहेत. मालक म्हणाले की वर्षभर तरी छपाई चालू ठेवू. छत्री आता ते दाराशी ठेवतात.

बाईंचा ऑफिसात फोन आला होता. कोपराची चौकशी करणारे ते गृहस्थ आहेत का, असं विचारत होत्या. मी पत्ता दिला आहे. मामींनी कपबशा काढून ठेवाव्यात.

यंत्रावरून उतरलेला पहिला अंक दादामामांसाठी पाठवते आहे. दर महिन्याचे नमुनेही पाठवत जाईन, दोरी तुमचीच. त्यांना माझा नमस्कार सांगा, बाकी काही नको.

तुमची आणि त्यांची,
चिमटी


ता. २३ एप्रिल

चि. चिमटीस,
अनेक आशीर्वाद.

बाई येऊन गेल्या. दादाने त्यांना कुलुपवाल्याच्या बाकावर बसवून दोरी दाखवली, आणि दोघं मान तिरकी करून बघत राहिली. बाईंच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

अंक आला त्या दिवशी त्याने अंगठा फिरवला, वास घेतला. कागदाबद्दल अवाक्षर काढलं नाही. उठला, चिमटा मागितला आणि अंक गॅलरीत लावून आला. आठवडा झाला, तिथेच आहे. मामीच्या चादरींना वाट काढावी लागते. काल ती म्हणाली की जे ओलं नाही ते वाळत कशाला घालायचं. मीही सुचवलं की आता काढू या. दादा खुर्चीतून म्हणाला, राहू दे, शाई अजून ओली आहे.

मुद्रितं तपासणारा माणूस मी. चूक दिसली की खूण करतो. इथे केली नाही.

सुट्टीत ये. खिशात चिमटे आणायला विसरू नकोस, आमचे सगळे अडकले आहेत. लोभ तर दोरीवर आहेच, रस्त्यावरूनही दिसतो.

तुझा,
मामा