भिंतीवरच्या फोटोला काय नेसू?

चामराजपेट, बेंगळूरु
रविवार सकाळ

तीर्थस्वरूप कृष्णाक्कास,

सकवारचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? (मागच्या वेळी त्यांनी स्वतः फोन घेऊन 'एकदम मजेत' म्हणून सांगितलं आणि पुढची पाच मिनिटं नुसते खोकत होते.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोन करताना मुग्धा शेजारी असते. सून गुणी आहे, पुण्याची असूनही गुणी आहे, पण तिच्यासमोर काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत. म्हणून हे पत्र. बेळगावला लवकर पोचावं म्हणून स्पीड पोस्टाने टाकते आहे.

तर अक्का, मी फोटो काढून घ्यायचा ठरवला. साधासुधा नाही, भिंतीवरचा. आमचे हे गेले तेव्हा तुला गुडघ्यांपायी येता आलं नाही, म्हणून तुला ठाऊक नसेल, पण त्या दिवशी घरात ह्यांचा एक धड फोटो सापडेना. आधार कार्डावरचा होता, पण त्यात हे कुणाला तरी पकडून आणल्यासारखे दिसतात. शेवटी आमच्या शंभूराजने कुणाच्या तरी मुंजीतला फोटो कापून मोठा करून आणला. त्यात ह्यांच्या गालात जिलबी आहे. आणि खांद्यावर एक हात आहे. तो कुणाचा, ते चार वर्षांत कुणालाही सांगता आलेलं नाही. अंगठी घातलेला, केसाळ हात. दर श्राद्धाला मी हार घालते तो ह्यांना आणि त्या हाताला मिळून पडतो. (तो माणूस जिवंत असेल तर त्याला काय वाटत असेल, हा विचार मला पूजेत नेमका आडवा येतो.) तेव्हाच मनाशी म्हटलं, आपली सोय आपण वेळेवर करून ठेवावी. आताच का सुचलं, असं तू विचारशील. सुचलं. पुढे वाच.

नेसायचं काय, हा प्रश्न इतका छळेल असं वाटलं नव्हतं गं. लग्नाची साडी संध्याकाळी बदलता येते, ही कायमची! बुधवारी दुपारी सगळं कपाट पलंगावर मांडलं. आपल्या आईने घेतलेली हिरवी इरकली आधी उचलली आणि तशीच खाली ठेवली, कारण ह्यांच्या माघारी हिरवी नेसून भिंतीवर बसले तर माझ्या चुलत नणंदा दर सणाला फोटोखाली उभ्या राहून कुजबुजणार, आणि मला उतरून उत्तर देता यायचं नाही. पांढरट सुती नेसून मुग्धाकडून मोबाइलवर एक नमुना काढून घेतला, तर मी भिंतीत विरघळून गेलेली, नुसतं नाक शिल्लक. तपकिरी नेसावी तर चंदनाच्या हारात हरवणार. एकच साडी मी चारदा घडी करून चारदा उलगडली. साड्यांच्या ढिगाशेजारी बसून मी स्वतःलाच म्हटलं, सकवार, साडीपायी एवढं भितात का?

सल्ला विचारायला शेजारच्या भाग्यलक्ष्मीला हाक मारली. खरं कारण सांगवेना, म्हणून बसच्या पासाला फोटो हवाय म्हणाले. "पासावर नुसतं तोंड येतं, अक्का. त्याला रेशमी कशाला?" ती म्हणाली, आणि मग दिवसभर माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू एखाद्या कंडक्टरशी माझं काही जुळलं आहे.

शेवटी ह्यांनी निवृत्तीच्या दिवशी आणलेली जांभळी म्हैसूर सिल्क ठरली. ब्लाउजचं विचारू नकोस. पाच घालून पाहिले, एकाचेही हूक पलीकडच्या बाजूला भेटायला तयार नाहीत. मुग्धाने एक ब्लाउज पाठीवर उसवला आणि पिना लावून जोडला. "आई, मागचं फोटोत येत नाही," म्हणाली. खरं आहे तिचं. पण आपल्याला माहीत असतं ना? चष्म्याचंही तसंच. लावला तर काचेवर दिवा चमकून डोळे पांढरे दिसतात, काढला तर वरती हे मला ओळखायचे नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी मला बिनचष्म्याची फक्त झोपेत पाहिली.

शुक्रवारी मुग्धाने हेब्बाळच्या ऑफिसातून सुट्टी काढली आणि आम्ही रिक्षाने निघालो. मी रिक्षाभर पिशवीचा बंद पिळत बसले होते, ते बघून तिने वाटेत हॉटेलात उभ्या उभ्या कॉफी पाजली. पहिल्याच घोटाला निम्मी कॉफी पदरावर गेली. पुसायला गेले तर डाग आणखी पसरला. मला रडू यायचंच बाकी होतं. मुग्धा म्हणाली, काही नाही, पदर फिरवून घेऊ. तसा तो उजव्या खांद्यावरून पुढे घेतला आणि डाग मागे गेला. आता माझ्याकडे बघणाऱ्याला मी बेळगावची वाटेन की अहमदाबादची, तूच सांग! आयुष्यभर मराठी राहिले आणि गेल्यावर गुजराती.

स्टुडिओवाला मंजुनाथ माणूस गोड. त्याने पडदे दाखवले. एकात बर्फाचे डोंगर, एकात धबधबा, एकात ताजमहाल. (ताजमहाल बघून म्हटलं, थडगं आताच नको.) मी साधा निळा मागितला. "सरी अम्मा," म्हणून त्याने मला स्टुलावर बसवलं आणि हनुवटी अशी वर केली की मला छताशिवाय काही दिसेना. मग म्हणाला, "स्वल्प स्माइल, अम्मा." आता आली का पंचाईत! थोडं हसावं तर लोक म्हणणार, सुटली एकदाची म्हणून हसते आहे. न हसावं तर उद्या नातवंडं झालीच तर त्या खोलीत पाऊल टाकायची नाहीत. मी मधलं काहीतरी केलं. त्याने तीन फोटो काढले. तिन्हींत डोळे मिटलेले.

तो म्हणाला, काळजी नको, कॉम्प्युटरवर उघडून देतो. उघडलेही. पण अक्का, ते डोळे माझे नाहीत. मोठे, टपोरे, पापण्या अशा की वारा घालाव्यात. संध्याकाळी शंभूराजने फोटो पाहिला आणि अगदी मनापासून विचारलं, "आई, ह्या बाई कोण?"

तर असं झालं. बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुझी,
सकवार

ता. क. वर 'सगळे ठीक आहोत' लिहिलं आहे, त्यातून मला वगळ. माझ्या गर्भाशयात गाठ निघाली आहे. येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणतात, साधं आहे. त्यांना साधंच असणार, त्या उभ्या राहणार आहेत, आडवी मी पडणार आहे. शंभूराजला आणि मुग्धाला मीच शपथ घातली होती की कृष्णाक्काला कळवायचं नाही, ती तसले गुडघे घेऊन धावत येईल. आता मीच कळवते. तसले गुडघे घेऊन ये. मला फार भीती वाटते गं.

आणखी एक. फोटो कशासाठी, हे मी मुग्धाला सांगितलं नव्हतं. पण स्टुडिओत स्टुलावर बसल्यावर माझा पदर नीट करून देताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, हा फोटो मी भिंतीवर लावणार नाही. ऑपरेशन झालं की घरी येऊन तुमच्या हाताने लावा, हवा तिथे." मंजुनाथसमोर डोळ्यांतून पाणी नको म्हणून मी ते घट्ट मिटून घेतले, आणि त्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तीनदा.

आणखी. काल मी एकटीच जाऊन मंजुनाथला सांगून आले की ह्या परक्या डोळ्यांचा फोटो मला बेडा, नकोच. तो हसला आणि पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला परत काढून देतो म्हणाला. वही काढून नाव लिहून घेतलं. मग विचारलं, "एष्टु जना, अम्मा?" किती जण बसणार? मी 'दोघी' म्हणून सांगून बसले आहे. तू काय नेसणार, ते ठरवून ये.