सहाची पंगत की साडेआठची

१६ एप्रिल, गुरुवार
तव्यावर पोळी, समोर गिऱ्हाईक, अन् ट्रॅव्हल्सवाल्या मॅडमचा फोन. "काकू, जहाजावर संध्याकाळच्या जेवणाच्या दोन पंगती असतात. सहाची की साडेआठची? एकदा टेबल ठरलं की सगळे दिवस तेच." यांना विचारून सांगते म्हटलं.
यांनी रश्श्याच्या पातेल्यातून डोकंही वर काढलं नाही. "साडेआठ. सहाले कोण जेवते? दवाखान्यातले लोक."
आम्ही तर हॉटेल धुऊन काढल्यावर जेवतो. साडेआठसुद्धा लवकरच.
लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून पहिल्यांदाच हॉटेलला कुलूप लावून जहाजानं फिरायला. अजून खरं वाटून नाही राहिलं.

१७ एप्रिल
सकाळी पोरांना सांगितलं. वेदू (नववीत जाईल, मिशी फुटून राहिली) म्हणे, "टेबल-बिबल कायले? दिवसभर बुफे असते ना."
सायली (बारावीत जाईल) केस विंचरत होती. न वळता म्हणाली, "सहाची घे."
"काहून?"
"मी सहालाच जेवते."
हसले मी. रोज दुपारी हॉटेलवर निघायच्या आधी दोघांचे दोन डबे भरून ठेवते. परत आले की दोन्ही डबे रिकामे, घासून उपडे. मला वाटायचं, ट्यूशनहून आली की...
"कुठी जेवतं तू सहाले?"
"निधीकडे."
निधी म्हणजे ट्यूशनमधली मैत्रीण, लकडगंजची. म्हटलं, "कधी कधी?"
"रोज. दहावीपासून."
"अन् तुझा डबा?"
वेदू हळूच, "मीच खातो. दोन्ही."
पोरगा फुगून राहिला म्हणून मागच्या महिन्यात याची थायरॉईडची तपासणी करून आणली होती!

नंतर: यांना सांगितलं. हातातला पळा तसाच राहिला. "आपल्या घरी अन्न नाही काय?"
थोड्या वेळानं, "रविवारी तर खाते ना माह्या हातचं?"
हो म्हटलं. पण आता कशाचीच खात्री नाही.

१९ एप्रिल, रविवार
दुपारी चौघं जेवायला. हे तिच्याच ताटाकडे पाहून राहिले. तिनं पोळी रश्श्यात बुडवली, मटणाच्या फोडी अलगद वेदूच्या ताटात सरकवल्या. किती सफाईनं. हे माझ्या डोळ्यांसमोर दर रविवारी होत होतं.
"सायली, फोड घे."
"नको बाबा."
"काहून? वास येते?"
"वास नाही. सवय राहिली नाही आता."
हे अर्ध्या ताटावरून उठले. हात धुता धुता, "सारं शहर माह्या हातचं जेवते, अन् माही पोरगी..." सासऱ्यांचा हातमाग बंद पडला तेव्हा त्यांनी सावजी भोजनालय काढलं. याच रश्श्यावर घर उभं राहिलं. यांना लागणारच.
माझ्या डोक्यात भलतंच. निधीला मोठा भाऊ तर नाही?

२३ एप्रिल, गुरुवार
गुरुवारी गिऱ्हाइकी कमी. न सांगता लकडगंजला गेले. खाली धान्याचं दुकान, वर घर. ऊन अजून होतं. दार उघडलं ते माझ्याच पोरीनं. हातात ताटं.
"आई?"
आत सगळे जमिनीवर गोल बसलेले. निधीचे आजोबा, दुकान नोकरांवर सोडून वर आलेले वडील, मम्मी, निधी, तिची धाकटी बहीण. भाऊबिऊ कोणी नाही.
मम्मी म्हणाली, "आओ भाभी, बैठो. सूरज डूबने से पहले हो जाता है हमारा."
ते जैन, त्यांचा तो नियम. मलाही बसवलं. मुगाची डाळ, पापडाची भाजी, फुलके. सायलीनं न विचारता आतून मीठ आणलं. आजोबांच्या डाळीत तूपही तिनंच घातलं. आजोबा म्हणाले, "आज टेस्ट कैसा गया बेटा?" बिघडला, म्हणाली. क्लासमध्ये रडू आलं, म्हणाली. सहज. टेस्ट होती हेच मला माहीत नव्हतं.
निधीची मम्मी म्हणे, "बहुत हँसाती है आपकी बेटी हमको."
माझी सायली? घरी तर हं आणि हूं.
 मी अजून एक फुलका मागून घेतला, काहून कोण जाणे.
येताना स्कूटीवर विचारलं, "डब्यात काय कमी होतं वं?"
"डब्यात काही नाही. तिथे सगळे सोबत बसतात ना, म्हणून."
गाडीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं.

२४ एप्रिल
मॅडमचा पुन्हा फोन. आजच सांगा म्हणे. सहा सांगून टाकलं.
यांना कळल्यावर, "सहाले माहा रश्श्यावर तर्री आणायचा टाइम राहते."
"जहाजावर कुठी तर्री?"
"मी नाही बसणार." एवढंच.

४ मे, जहाजावर
सहा वाजता पांढऱ्या चादरीचं टेबल, चार खुर्च्या, आम्ही तिघं. हे वर डेकवर कठड्याला धरून उभे. सायली दाराकडे पाहायची, पुन्हा मेनूत तोंड.
सूप संपलं तेव्हा आले. केस ओले, इस्त्रीचा शर्ट. बसले. कोणाला काही बोलताच येईना! एका घरचे चार जण. हे नुसतं पाणी पिऊन राहिले. वेदू घास तोंडात गेला की डोळे मिटतो, अगदी सासऱ्यांसारखा. मी आज पाहिलं.
मग यांनी सायलीला विचारलं, "निधीच्या घरी... काय बोलतात गा जेवताना?" पोरीला वं सोडून गा म्हणाले, पोराला म्हणतात तसं. इतके घाबरले होते.
"काहीही. दिवसभराचं."
"हं." ग्लास खाली ठेवून, "आज म्या समुद्र पाह्यला. पह्यल्यांदा."
वेदू फसकन हसला. मग सायली. अशी हसते ही! मग हेही.

१० मे, रविवार, नागपूर
काल परत आलो. उद्या हॉटेल उघडायचं. हे सकाळपासून मसाले निवडत बसले. गिऱ्हाइकांचे फोनवर फोन.
कपडे वाळत घालताना सायली मागे येऊन उभी राहिली. "आई, उद्या सहाला मी कुठे जेवू?"
टोमणा नव्हता. खरंच विचारून राहिली होती. आत यांचे हात थांबले, मला दिसलं. संध्याकाळी हॉटेल बंद ठेवलं तर खायचं काय, अन् उघडलं तर...
"बाबाले विचार," म्हटलं.
ती आत गेली. चटईवर यांच्यासमोर बसली. अजून बसूनच आहे. दोघं मिळून धने निवडून राहिले. यांनी काही सांगितलं नाही, अन् ती उठून नाही राहिली.