स्वच्छतेच्या सूचनेखालचं पत्र

९ नोव्हेंबर २००९, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. स्टाफरूम उघडली, वास सुरू झाला. नितीन निमसेने माझ्यासमोर डबा उघडला. सुकट. जेवून हात पडद्याला पुसले. हा माणूस दहावीला विज्ञान शिकवतो, आणि हाच पुढचा मुख्याध्यापक व्हावा असं संस्थेतल्या काहींना वाटतं.
मुख्याध्यापिका पष्टे बाई ३१ डिसेंबरला रिटायर. माझी सर्व्हिस तेवीस वर्षं, त्याची चौदा. निकाल उघड आहे. तरी संस्थेला जरा मदत करावी लागेल.
संकल्प : कॉम्प्युटर शिकणे. नितीनकडे न बघणे.

११ नोव्हेंबर, बुधवार
ऑफिसात कॉम्प्युटर आला. शिपाई यमाजी तंबाखूच्या बोटांनी की-बोर्ड पुसत होता. शिसारी आली. मी बोटाला रुमाल गुंडाळून टाइप केलं.
शिकवायला रोशनी उघडे. डोळखांबकडच्या पाड्यावरची, आपलीच जुनी विद्यार्थिनी, सध्या टेंपररी. चाळीस मिनिटांत मला सगळं आलं. फक्त 'ज्ञ' सापडत नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
मधल्या सुट्टीत संस्थेला पत्र लिहायला बसलो. खाली 'एक त्रस्त पालक'. यात खोटं काही नाही. मला दोन मुलं आहेत, आणि मी त्रस्त आहे.
लिहिताना वाहवत गेलो. पडदा, सुकट, काडीने कान कोरणं, सगळं आलं. शेवटी 'चाचणीचे पेपर आपल्या ट्यूशनच्या मुलांना आधी दाखवतो' हेही घातलं. बघितलेलं नाही. पण जो पडद्याला हात पुसतो तो काय करणार नाही?
तेवढ्यात लाइट गेली. दोन पानं गेली.
तासाभराने लाइट आली. रोशनीने मशीन सुरू केलं आणि पत्र जसंच्या तसं समोर. म्हणाली, "सर, तसा प्रोग्रॅम टाकलाय. लाइट गेली तरी लिहिलेलं परत येतंय. आणि दर वेळी सेव्ह केलं का आधीची कॉपी पण राहते." मग म्हणाली, "पण सगळ्यांचंच जुनं राहतंय. नको असंल तर ते बंद करते. बाईंनी तुमाला विचारायला सांगितलंय." मी म्हटलं, बंद अजिबात करायचं नाही. ज्याला लपवायचं असेल त्याने घाबरावं. पत्र सेव्ह केलं.
तिने पत्र वाचलं असेल का? नाही. तिचं लक्ष वायरींकडे होतं.

१६ नोव्हेंबर, सोमवार
थंड डोक्याने पत्र सुधारलं. 'माझ्या तेवीस वर्षांच्या अध्यापनात' पालकाच्या तोंडी शोभत नाही. काढलं. 'माझ्या खुर्चीवर पाय ठेवतो' काढलं. सुकट काढली, संस्थेचे अध्यक्ष स्वतः आवडीने खातात. उरला फक्त पेपर. सेव्ह करून प्रिंट काढली, शहापूरला जाऊन पोस्टात टाकली.
मग डोकं लढवलं. फाइल डिलीट केली तर संशय येतो. म्हणून पत्राचा मजकूर पुसला आणि त्याच फाइलमध्ये शाळेच्या स्वच्छतेची सूचना टाइप करून सेव्ह केली. पत्रावर फिनेल ओतलं म्हणायचं. रोशनी सांगायला लागली, "सर, पुसलं तरी..." म्हटलं, मला शिकवू नकोस.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
बाई मुरबाडला लग्नाला. मी ऑफिसात.
त्यांनी संस्थेला पाठवलेला माझ्याबद्दलचा अहवाल उघडला. 'हरड सर अनुभवी आहेत.' संपलं. मग रोशनी करते तसं राइट क्लिक करून आधीची कॉपी उघडली. 'हरड सर अनुभवी आहेत, पण त्यांना प्रत्येक माणसात फक्त घाण दिसते. मुलं त्यांना शंका विचारत नाहीत.'
किळस आली. बाईंच्या मनात हे असलं भरलंय. पण एक बघण्यासारखं आहे, शेवटी त्यांना ते काढावं लागलं. सत्यापुढे इलाज चालला नाही.
माझी फाइल मात्र मी पद्धतशीर पुसली आहे. बाईंना ते तंत्र जमलेलं नाही.

२५ नोव्हेंबर, बुधवार
चौकशी होईपर्यंत संस्थेने नितीनकडून दहावी काढून घेतली. तो आता लॅबमध्ये एकटाच डबा खातो. मला आनंद झाला असं नाही. हवा स्वच्छ झाली, इतकंच.
दुपारी शेणव्याहून धोंडूबाई आली. तिची रंजिता दहावीत आहे. ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, "निमसे सर संध्याकाळची पोरांना फुकट शिकवतात. एक रुपाया घेत नाय. त्यांची कसली ट्यूशन? आमची पोरगी आता कोणाकडं जाईल?" बाईंनी तिला खुर्ची दिली. खुर्चीला चिखल लागला.
फुकट शिकवतो हे मला माहीत नव्हतं. फुकट म्हणजे तर जास्तच संशयास्पद.

१ डिसेंबर, मंगळवार
स्वच्छतेच्या त्या सूचनेत बाईंनी शिक्षकांनाही शौचालय-तपासणीची पाळी लावायला सांगितली होती, ती यादी मी त्याच फाइलमध्ये टाइप केली होती. उद्या माझी पाळी. आज यादीच काढून टाकली. सेव्ह.

२ डिसेंबर, बुधवार
बाईंच्या लक्षात आलं. रोशनीला म्हणाल्या, "पाळ्या होत्या ती सूचना परत काढ." रोशनीने राइट क्लिक केलं. चार कॉप्या आल्या. ती माझ्याकडे बघत राहिली. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघ. सगळ्यात जुनी उघड."
सुकट, पडदा, तेवीस वर्षं, खुर्ची, सगळं समोर आलं.
बाईंनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग पुढची कॉपी, सुधारलेली. यमाजी दारात उभा होता, तोही गेला नाही.
मी शांतपणे मुद्दा मांडला. माणसाने लिहून पुसलेलं हे त्याचं खाजगी असतं. ते उकरून काढणं हे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावण्यासारखं किळसवाणं आहे. हे मी अगदी मनापासून बोललो. बाई म्हणाल्या, "पुसलेलं तुमचं असेल, हरड. पोस्टात टाकलेलं कुणाचं?"
मग मी म्हणालो, तुम्ही तरी माझ्याबद्दल काय कमी घाण लिहून पुसलीत?
बोलून झाल्यावर कळलं, काय बोललो ते. बाईंनाही कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ पुसत बसल्या.
बाहेर पडताना रोशनीला म्हटलं, तू सांगायला हवं होतंस. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "सर, मी लाइट आली तेव्हाच वाचलेलं. वाटलं, तुमीच काढाल. मग पाठवलंत. माझी नोकरी कच्ची, मी कोणाला बोलू? पंधरा दिस जेवण गोड लागलं नाय."

४ डिसेंबर, शुक्रवार
संस्थेची मीटिंग दहा मिनिटांत आटपली. दहावी परत नितीनकडे. एक जानेवारीपासून मुख्याध्यापकही तोच. मी नितीनला माफीचं पत्र द्यायचं, हाताने लिहून. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.
हरकत नाही. कागदावर माझा हात चालतो. असं पत्र लिहीन की वाचून त्यालाच लाज वाटेल.

५ डिसेंबर, शनिवार
सकाळपासून लिहितोय. पहिला कागद तीन ओळींचा झाला. फाडला. दुसऱ्यात परिस्थिती समजावली. तिसऱ्यात स्टाफरूमच्या स्वच्छतेबाबत माझी जुनी कळकळ. चौथ्यात तेवीस वर्षं. पाचवा सव्वा पानाचा, भाषा उत्तम.
माझी बायको कविता फाडलेले तुकडे पाणी तापवायच्या बंबात घालत होती. ही कधी काही वाचत नाही. आज तुकडे जुळवून वाचले म्हणे. म्हणाली, "पहिला बरा होता." विचारलं, कुठे आहे? म्हणाली, तो आधीच गेला.
आठवायचा प्रयत्न केला. तीनच ओळी. 'मी खोटं लिहिलं' अशी सुरुवात होती. पुढचं आठवत नाही.

७ डिसेंबर, सोमवार
लॅबमध्ये जाऊन पाचवा कागद दिला. नितीन जेवत होता. हात धुऊन आला, स्वतःच्या रुमालाला पुसले, मग कागद घेतला. सव्वा पान हळूहळू वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी स्तुतीची वाट बघत होतो असं नाही, पण काहीतरी बोलेल असं वाटलं.
तो म्हणाला, "सर, यात माझं नाव कुठं नाय."
कागद परत घेऊन बघितला. खरंच नव्हतं.
पेन त्याच्याकडूनच मागून घेतलं.