दिलशोदचं ना-हरकत

६ जानेवारी
सूतगिरणीतला परदेशी फिटर आज माझ्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात आला. दिलशोद. उझबेकिस्तानचा. मे महिन्यात, ऐन उन्हात, नव्या मशिनी बसवायला आणलेला. उमरखेडात सगळे त्याला 'रशियन' म्हणतात.
गिरणीच्या कारकुनानं त्याच्या डोक्यात भरवलं, अर्ध्या वर्षावर राह्यलास, आता तू इथला रहिवासी. तुझ्या गावच्या जर्दाळूच्या बागेवरही इथं कर पडेल. बिचारा घाबरलेला. तोडकीमोडकी हिंदी. "मॅडम, मेरा बाग का भी इंडिया लेगा?"
समजावलं. रहिवासी झालास, खरं. पण नवा आलेला. नव्या माणसाची पहिली काही वर्षं घरची कमाई इथं धरत नाहीत. इथं केलेल्या कामाचा पैसा तेवढा इथला.
दोनदा विचारून घेतलं. मग हसला. खाली कापसाची गाडी चाललेली. "पख्ता," म्हणाला. त्यांच्याकडं कापूस म्हणजे पख्ता. चहा म्हणजे चोय.

९ जाने.
दि. पगाराचे कागद घेऊन आला. अर्धा पगार इथं, अर्धा तिकडच्या बँकेत. गिरणीचं कर-विवरण मीच भरते. त्यात तिकडचा अर्धा नाहीच.
"सेठ बोला, उधर का फ्री."
फ्री कसलं. काम इथं केलं, तर पगार कुठंही देवोत, इथलाच.
गिरणीमालक शेठना फोन. "पाहू ना मॅडम. मार्चमधी पाहू."
गिरणी हे माझं सगळ्यात मोठं काम. तांड्यावरची बाई कर काय भरणार म्हणून लोक जिन्यावरून परत जायचे, तेव्हा पहिले कागद याच शेठनी दिले. हे कसं विसरू.

१३ जाने.
दि.च्या भावाचा फोन आला गावाहून. आईला लकवा. बोलणं गेलं. "मेरी ओना," एवढंच म्हणत बसला. ओना म्हणजे आई.
जायचंय त्याला. पण नोकरीवर आलेल्या परदेशी माणसाला निघताना कर खात्याचं ना-हरकत लागतं. त्यासाठी मालकाचं हमीपत्र, की याचा कर राह्यला तर आम्ही भरू. हमीपत्रात पगार लिहावा लागतो. पूर्ण.
उद्या शेठकडं.

१४ जाने. संक्रांत
शेठनी आधी तिळगूळ दिला.
"जाऊ द्या ना त्याले. विमानतळावर कोन पाह्यते हे?"
"पाह्यलं तर?"
"तं त्याचं नशीब. मी कायले लिहून देऊ?" थोड्या वेळानं, खालच्या आवाजात, "हंगाम चालू आहे मॅडम. गेला तं येते काय तो?"
खरं दुखणं हे. तिळगूळ मुठीत तसाच घेऊन घरी आले.

१५ जाने.
याडीला, म्हणजे आईला, सांगितलं सगळं. ती भाकरी थापत होती, हात थांबले नाहीत तिचे.
"माही याडी गेली तव्हा आमी ऊसतोडीच्या टोळीत होतो. मुकादम म्हने, फड संपू दे. फड संपला, मी पोचली, तं तिच्या चुलीवर दुसऱ्या बाईचं भांडं चढलेलं."
इतकी वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं. पुढं काही विचारायला गेले तर म्हणाली, "जेव."

१६ जाने.
दि.ला स्पष्ट सांगितलं. कागदाविना निघालास तर बहुतेक सुटशील. अडवलं तर विमान गेलं. आणि उद्या बुडालेला कर तुझ्या नावावर ढकलतील.
"मैं आपका भाई होता तो?"
अर्ज करू, म्हटलं. हमीपत्र नाही, पण पगार पूर्ण लिहू. तू मला अधिकारपत्र दे, तुझ्या वतीनं मी सही करते. पोच घे अन् नीघ.
"सेठ आपको रखेगा?"
नाही.
त्यानं कागद पुढं ओढला. मग पेन मागितला.

१९ जाने. यवतमाळ
कर खात्याचे साहेब तरुण. अर्ज सगळा वाचला.
"हमीपत्राशिवाय नाही देता येत, मॅडम."
"माहीत आहे. घेऊन तर ठेवा."
दि.कडं पाह्यलं त्यांनी. "आईसाठी?" मी हो म्हटलं. शिक्का मारला. "ही नुसती पोच आहे, ना-हरकत नव्हे. त्याला समजावून सांगा. गिरणीला मात्र मी विचारणार."
विचारतील. म्हणजे माझं गिरणीतलं काम संपलंच.
येताना बसमध्ये दि. झोपला. मला झोप लागली नाही. शेठना आपणच आधी सांगावं, बाहेरून कळू नये, असं ठरवलं. उतरल्यावर फोन केला. ऐकून घेतलं आणि ठेवला.

२० जाने.
नांदेडच्या बसमध्ये बसवलं त्याला. तिथून दिल्ली. याडीनं भाकऱ्या बांधून दिल्या. त्यानं पुडकं कपाळाला लावलं. "पोचला का आधी तिचे पाय धर," याडी म्हणाली. कळलं नसणार. मान हलवली.

२३ जाने.
मेसेज. दिल्लीत कोणी काही विचारलं नाही. पासपोर्टवर शिक्का, झालं. म्हणजे शेठ बरोबर होते. एवढं करून...
पण पोचला. ओना आहे. ओळखत नाही, पण हात धरलाय तो सोडत नाही, लिहिलंय.
याडीला वाचून दाखवलं. डोळे पुसले अन् म्हशीकडं गेली.

२४ जाने.
गिरणीचा कारकून फायली घेऊन गेला. वर पाह्यलं नाही त्यानं. मीही मदत केली बांधायला.

११ फेब्रु.
गिरणीला नोटीस आलीय. उद्या शेठना यवतमाळला बोलावलंय.
दुपारी शेठ स्वतः जिना चढून आले. पहिल्यांदाच. दम लागलेला, पाणी दिलं.
"राठोड मॅडम, झालं ते झालं. फायली परत पाठवतो. उद्या माह्याकडून चाला. सांगा, पोट्ट्यानं तिकडचा पगार आपल्यापासून लपवला. तो काय येऊन राह्यला आता सांगाले?"
"पगार तुम्हीच दिला ना शेठ."
"ते मले अन् तुमाले माहीत." उठले. "सकाळी गाडी पाठवतो."
वाईट माणूस नाही. हेच जड जातंय.
संध्याकाळी दि.चा फोन. ओना तशीच. आता तिला चमच्यानं तोच भरवतो. परत येईन म्हणाला नाही, येणार नाही असंही नाही. ठेवताना विचारलं, "मॅडम, इंडिया में मेरा नाम साफ है?"
"है," म्हटलं.
जेवताना याडी. "उद्या कोनासंगं जातं, छोरी?"
"शेठची गाडी यायच्या आधीच निघते. पहिल्या बसनं."
दि.च्या पगाराच्या कागदांची अन् पोचेची झेरॉक्स पर्समध्ये ठेवली. गिरणीकडून नाही म्हटल्यावर तिथं मला आत घेतात की बाहेर बसवतात, माहीत नाही.